आधी वेलांटी

नेवाशात आमच्या घरापासून शाळेत जायच्या दोन वाटा आहेत. एक डांबरी सडक. ती सबंध बाजारपेठेला वळसा घालून जाते. दुसरी पाऊलवाट, ती एका रानातून तिरपी निघते आणि शाळेच्या मागच्या कुंपणापाशी थबकते. मुले अर्थातच पाऊलवाटेने जातात, आणि खरे सांगायचे तर त्यांचे मास्तरही तिनेच जातात. ही वाट कोणी आखलेली नाही. पायांनी पाडली, पायांनीच राखली. परंतु दर वर्षी पेरणीच्या सुमारास रानाचा मालक नांगर घालतो आणि एका सकाळी ती नाहीशी होते. त्याच्यावर रागवायची सोय नसते. रान त्याचे, वाट तेवढी आमची. मग चार-आठ दिवस आम्ही सारे ढेकळांत ठेचकाळत जातो, आणि कधी कोणास ठाऊक, पुन्हा एक फिकट रेघ उमटू लागते.

यंदा श्रावणात माझ्या बोटांची अशीच एक पाऊलवाट नांगरली गेली. तिची ही हकीकत.

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या घरात मॅट्रिकच म्हणतात; आणि त्यावर चित्रकलेची पदविका. पहाटे पाच ते सात या वेळात मी कादंबऱ्या लिहितो. वही-पेन सुटून मला पुष्कळ वर्षे झाली. संगणकावर लिहिणारा प्रत्येक माणूस हळूहळू दोन-दोन कळांच्या जोड्यांचा दास होतो, तसाच मीही झालो. एक जोडी दाबली की इंग्रजीची मराठी होई. दुसरी दाबली की ‘तिसऱ्या’, ‘पायऱ्या’ या शब्दांतला तो आपला खास मराठी अर्धा र उमटे. तिसरी दाबली की ‘ॲ’. या जोड्यांना शॉर्टकट म्हणतात. त्यांचा गुण असा की त्या डोक्यात राहत नाहीत, बोटांत राहतात. कळफलकावर ‘ण’ कुठे आहे, असे मला कोणी विचारले तर मी सांगू शकत नाही. मला टेबलावर बोटे ठेवून ‘बाण’ असे मनात म्हणावे लागते. मग जे बोट हलते ते पाहून मी उत्तर देतो.

ही वाट पाडणारे लोक कोण, याची कधी आपण चौकशी करीत नाही. मजकूर कापायचा, त्याची नक्कल घ्यायची, दुसरीकडे चिकटवायचा, ही आज शाळकरी पोरालाही येणारी युक्ती लॅरी टेस्लर या संगणकशास्त्रज्ञाने आपल्या एका सहकाऱ्याबरोबर १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात बसवली. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत वारले. त्या दिवशी जगातल्या किती बोटांनी त्यांचीच वाट तुडवली असेल! पाऊलवाट पाडणाऱ्याच्या नशिबी बहुधा हेच असते.

असो. श्रावणातल्या एका रात्री संगणकाने मला कळवले की त्याची मूळ प्रणाली नवी करायची आहे, बंद करू नये. मी आज्ञाधारक माणूस आहे. वीज जाऊ नये म्हणून देवाचे नाव घेतले आणि झोपलो. पहाटे चहाचा पेला घेऊन बसलो. माझ्या कादंबरीतला एक म्हातारा विहिरीच्या पायऱ्या उतरत होता. त्याला तिसऱ्या पायरीवर सोडून मी आदल्या दिवशी उठलो होतो. मी नेहमीची जोडी दाबली. पडद्यावर इंग्रजी उमटले. पुन्हा दाबली, पुन्हा इंग्रजी. दुसरी जोडी, तिसरी जोडी, काही नाही. देवळातल्या घंटेचा लोलकच कोणी काढून नेल्यावर दोरी ओढून जसे वाटावे, तसे मला वाटले.

शाळा सुटल्यावर संगणक पिशवीत घालून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानी गेलो. सातबारा, दाखले, परीक्षेचे अर्ज, सगळे तो तिथे काढून देतो. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि डॉक्टर जसे नातेवाइकांकडे वळतात तसा तो माझ्याकडे वळला.

“सर, तुमचा तो टायपिंगचा जुना प्रोग्रॅम आता चालायचा नाही.”

“का रे? काल तर चालत होता.”

“तो तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ मध्येच धरायचा, आणि तिच्या जागी दुसरे अक्षर पाठवायचा. पण सर, पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅमसुद्धा तसेच कळा धरतात. नव्या सिस्टीमने ती खिडकीच बुजवली. ज्याच्यावर ओळखीचा शिक्का असेल तोच आत. तुमचा प्रोग्रॅम करणारे तर केव्हाच बंद झाले. शिक्का देणार कोण?”

मला त्याचे म्हणणे पटले. चोराच्या भीतीने घरमालकाने खिडकी बुजवली. तीतून रोज येणारी चिमणीही बाहेर राहिली, इतकेच. “मग आता?” मी विचारले.

“आता सरळ इन्स्क्रिप्ट शिका. सिस्टीममध्येच असतो, कधी बंद पडायचा नाही. सर, पंधरा दिवसांचे काम.”

पंधरा दिवसांचे काम! त्याचा दोष नाही. माझ्या बोटांत काय होते हे त्याला ठाऊक नव्हते. तुम्हांला मात्र ते सांगितले पाहिजे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कचेरीबाहेरच्या लिंबाखाली टंकयंत्र घेऊन बसत. एक लोखंडी घडीचे टेबल, एक स्टूल, पावसाळ्यात वर एक ताडपत्री. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, नोटिसा, वारसाच्या नोंदी. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, राज्याचा कारभार मराठीत करायचे ठरले, आणि मराठी टंकलेखन येणाऱ्याला दोन घास मिळू लागले. अण्णा त्याच सुमारास नगरला जाऊन ते शिकले. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला आपल्या मांडीपुढे उभे करून माझी बोटे यंत्रावर ठेवली.

त्या यंत्राचे एक शास्त्र होते. कागदावर अक्षर जसे दिसते तसे ते डावीकडून उजवीकडे मारायचे. ‘श’ हवा असेल तर आधी अर्धा श्, मग काना. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो नंतर. आणि पहिली वेलांटी? ती बोलताना अक्षराच्या नंतर येते, पण लिहिताना त्याच्या डावीकडे उभी असते. म्हणून ती आधी मारायची. माझे बोट नेमके तिथेच अडे. मी आधी अक्षर मारी, आणि मग वेलांटीला जागाच उरत नसे. अण्णा कधी रागावले नाहीत. माझे बोट आपल्या बोटाने दाबून ते म्हणत, “आधी वेलांटी, मग अक्षर. पाहुणा यायच्या आधी पाट मांडायचा असतो.”

पुढे संगणक आला तेव्हा अण्णांच्या यंत्राची मांडणी जशीच्या तशी देणारा तो प्रोग्रॅम मला मिळाला. गेली कित्येक वर्षे मी त्यावर लिहितो आहे. अण्णा २०१६ मध्ये गेले. यंत्र त्याआधीच भंगारात गेले होते. पण रोज पहाटे पहिली वेलांटी आली की एका क्षणापुरता माझ्या बोटावर त्यांच्या बोटाचा भार येई. हे मी कोणाला बोललो नव्हतो. बोलण्यासारखे ते नव्हतेच. प्रोग्रॅम बंद पडला तेव्हाच मला ते नीट कळले.

इन्स्क्रिप्ट घेऊन बसलो. हा कळफलक १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला. तो करणाऱ्यांचे डोके वर्णमालेत मुरलेले असले पाहिजे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. एकाच कळेवर क आणि ख, शेजारी कुठे ग आणि घ. शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. शिवाय मराठीचा क जिथे, तिथेच बंगालीचा आणि तमिळचा. मनातल्या मनात मी त्या माणसांना नमस्कार केला. पण त्यांनी अक्षरे बोलण्याच्या क्रमाने लावली आहेत. आधी अक्षर, मग वेलांटी.

माझ्या बोटांना हे कोण सांगणार? मी ‘कविता’ लिहायला गेलो. पडद्यावर ‘किवता’ आली. ‘गणित’ लिहिले, ‘गिणत’ झाले. ‘शनिवार’चा ‘शिनवार’ झाला. ‘हरिण’ लिहिले, तर ‘हिरण’ होऊन ते हिंदीत पळून गेले. प्रत्येक वेलांटी आपल्या मालकाला सोडून आधीच्या अक्षराच्या गळ्यात पडत होती. आणि म्हाताऱ्याच्या ‘पायऱ्यां’चे तर विचारूच नका. तो अर्धा र कसा काढायचा हे ठाऊक नसल्याने त्यांच्या ‘पायर्या’ झाल्या. हा फरक क्षुल्लक नव्हे. मराठीत त्या एका रेघेवर आचार्यांचे आचारी होतात आणि दर्याच्या दऱ्या होतात. म्हातारा बिचारा आठ दिवस तिसऱ्या पायरीवर उभा राहिला. खाली उतरेना, वर येईना.

आमची मुलगी अकरावीत आहे. तिला माझी दया आली.

“बाबा, टाइप करताच कशाला? फोनवर बोला. तो लिहितो.”

“मी बोलायचे आणि त्याने लिहायचे?”

“मग काय? आपल्या नेवाशात ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते. तुम्हीही सांगा!”

पैसाच्या खांबापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली पोर! शके १२१२ मध्ये त्या खांबापाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तिच्या उत्तरावर मी काय बोलणार? मी फोन तोंडाशी धरला आणि माझ्या म्हाताऱ्याला कवाड लोटायला सांगितले. फोनने त्याच्या हाती कबाड दिले. मुलगी पोट धरून हसली, आणि मीही हसलो. परंतु माझ्या ध्यानात आले की मला बोलून लिहिताच येत नाही. माझे वाक्य तोंडात तयार होत नाही. बोटांच्या शेंड्यांशी होते. सच्चिदानंदबाबांचे अक्षर कसे होते, बोरू धरून त्यांची बोटे दुखली का, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्या पहाटे प्रथमच मला ज्ञानेश्वरांपेक्षा सच्चिदानंदबाबांविषयी अधिक जिव्हाळा वाटला.

विद्यार्थ्याने दुसरी एक तोड काढली. त्याच्याकडे एक जुना संगणक पडून होता. “सर, हा घेऊन जा. नेट लावू नका, अपडेट करू नका. तुमचा जुना प्रोग्रॅम यात मरेपर्यंत चालेल.” कोणाच्या मरेपर्यंत, हे त्याने सांगितले नाही. मी तो घरी आणला. जोडी दाबली, मराठी आली. वेलांटी मारली, अण्णा आले. म्हाताऱ्याने चौथ्या पायरीवर पाऊल टाकले. मला वाटले, मिटला प्रश्न.

तो मिटू दिला नाही तो एका ट्रंकेने.

माझे आजोबा एका पेढीवर कारकून होते. कीर्दखतावणी मोडीत लिहीत. मोडी म्हणजे वेगाची लिपी. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे त्या रेघेला टांगीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचे सोयरसुतक नाही. पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांचा तंटाच नाही. आजोबांना आपल्या मोडीचा फार अभिमान. अण्णा टंकयंत्र शिकायला निघाले तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, “लोखंडाला कधी अक्षर असते का?” अण्णांनी यंत्र आणले, त्यावर संसार केला, आजोबांनी शेवटपर्यंत त्या यंत्राकडे मान वळवून पाहिले नाही. ही गोष्ट अण्णा हसून सांगत, पण सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसत.

आजोबांच्या वह्यांची ट्रंक आमच्या माळ्यावर होती. आमच्यापैकी कोणालाच मोडी येत नव्हती, अण्णांनाही नाही. त्यांच्या पिढीत शाळेतून ती उठत चालली होती. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाले, कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी सोन्याचा भाव आला. अशाच एका वृद्ध जाणकारांना मी घरी चहाला बोलावले आणि ट्रंक खाली काढली. म्हटले, काही असेल तर पाहावे. त्यांनी भिंगातून दोन-तीन वह्या चाळल्या. हिशेब, उधाऱ्या, आंब्याच्या पाट्या. मग एका पानावर ते थांबले.

“तुमच्या वडिलांनी टायपिंग कुठे शिकले?”

“नगरला. का?”

त्यांनी बोट ठेवून वाचले. चिरंजीवाच्या टंकयंत्राच्या शिकवणीकरिता पेढीवरून उचल घेतली. ती पगारातून महिन्याच्या महिन्याला वळती करायची. खाली सहा महिन्यांच्या सहा नोंदी होत्या, प्रत्येक वळती झाल्याची खूण केलेल्या. फी आपल्या मामाने भरली, असे अण्णा जन्मभर समजत होते.

अण्णांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. ते पान पन्नासाहून अधिक वर्षे त्यांच्या डोक्यावरच्या माळ्यावर होते. शिडी लावून ते कितीदा तरी वर गेले असतील. वही हाती घेतली असती तरी उपयोग नव्हता. बापाचे अक्षर मुलाला वाचता येत नव्हते.

त्या जुन्या संगणकापुढे बसलो असताना हे पान मला आठवले, आणि दुसरी एक गोष्ट आठवली. माझी पहिली कादंबरी मी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केली होती. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी सारी इंग्रजी चिन्हेच असत. मराठी हा नुसता वरचा पोशाख. तिची तबकडी मी कपाटातून काढून मुलीच्या संगणकात घातली. पोशाख उतरलेला होता. पानेच्या पाने कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरे. मुलगी म्हणाली, “बाबा, हे काय आहे?”

मी म्हणालो, “माझी मोडी.”

ती हसली नाही. दोन रात्री खपून तिने कुठल्याशा साधनाने त्या मजकुराचे युनिकोड केले. सबंध कादंबरी परत आली. फक्त पुष्कळशा पहिल्या वेलांट्या जागा चुकल्या होत्या. जुन्या फॉन्टातही त्या आधी मारलेल्या ना! त्या एकेक उचलून योग्य अक्षरापाशी बसवताना मला जो प्रकाश पडला तो असा: न बदलणाऱ्या यंत्रात मी स्वतःला कोंडून घेतले असते, तर अण्णांचे बोट माझ्यापाशी राहिले असते खरे, पण माझे लिहिणे आणखी पंधरा वर्षांनी माझ्याच मुलीच्या माळ्यावर जाऊन बसले असते. आजोबांना टंकयंत्र आवडले नव्हते. त्यांनी त्याची फी भरली होती.

जुना संगणक मी विद्यार्थ्याला परत केला. “का हो सर, चालत नव्हता?” त्याने विचारले. “चालत होता रे. म्हणूनच परत केला,” मी म्हणालो. त्याला काही उमगले असेल असे वाटत नाही.

आता रोज रात्री जेवणानंतर मुलगी माझा तास घेते. चित्रकलेच्या तासाला मी पोरांना मोकळ्या हाताने वर्तुळ काढायला लावतो आणि ते वाकडे आले की पुन्हा काढायला लावतो. त्याचा सूड नियती माझ्याच मुलीच्या हातून घेत आहे. ‘मंदिर’, ‘हरिण’, ‘कविता’, ‘शनिवार’. दहा दहा वेळा. र च्या कळेवर शिफ्ट दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो, मग पाय मोडायचा, मग य, की ‘पायऱ्या’ हुबेहूब उमटतात, हेही तिनेच मला शोधून दिले. शिकवणीची फी म्हणून दर शनिवारी तिला भेळ द्यायची असे ठरले आहे. मी एक वही घातली असून तीत ही फी नीट मांडून ठेवतो. बाळबोध लिपीत, पेनाने. पुढे कोणाच्या माळ्यावर ती सापडली, तर वाचता यावी.

विद्यार्थी म्हणाला होता त्या पंधरा दिवसांना मला अडीच महिने लागले. म्हातारा विहिरीत उतरला, पाणी प्याला आणि वरही आला. पहाटेची पाऊलवाट पुन्हा उमटू लागली आहे. जुन्या जागी नव्हे, हातभर बाजूला. वेग अजून पूर्वीचा नाही. आणि मन कुठे गुंतले, विशेषतः अण्णांविषयी लिहिताना, की माझे बोट हुकूम न विचारता पुढे धावते आणि आधी वेलांटी मारते.

हा लेख मी त्या नव्या कळफलकावरच लिहिला आहे. तेव्हा वाचकहो, यात कुठे एखादी पहिली वेलांटी आपले अक्षर सोडून अलीकडच्या अक्षरापाशी उभी दिसली, तर संपादकांना किंवा मुद्रितशोधकांना बोल लावू नका. ती चूक माझीही नाही. ती अण्णांची आहे. आणि मी ती दुरुस्त करणार नाही.